‘आधीच्या साहेबांची एनओसी आणा’ : पुणे बार असोसिएशनला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, पदाधिकारी आणि सर्व सदस्य वकील,
पुणे बार असोसिएशन,
जिल्हा व सत्र न्यायालय, शिवाजीनगर, पुणे

विषय : चालू दाव्यात वकील बदलू पाहणाऱ्या पक्षकारांची अडवणूक

सप्रेम नमस्कार.

शिवाजीनगरच्या न्यायालयात दावा चालू असताना ज्याला वकील बदलायचा असतो, त्याला पहिल्या दिवसापासून एकच वाक्य ऐकू येतं : आधीच्या साहेबांची एनओसी आणा. एनओसी म्हणजे आधीच्या वकिलांचं ‘आमची हरकत नाही’ असं लेखी पत्र. नवीन वकील हेच सांगतात, त्यांचा ज्युनिअर हेच सांगतो, आणि झेरॉक्सच्या दुकानात उभं राहिलात तर तिथला मुलगाही न विचारता हेच सांगतो. साहेबांनी एनओसी दिलीच नाही तर पुढे काय करायचं, असं विचारलं की मात्र जो तो आपल्या कामाला लागतो.

हे पत्र मी न्यायाधीशांना लिहीत नाही, कारण ही अडवणूक न्यायालयाने केलेली नाही. कायद्यानेही केलेली नाही. ती तुमच्या आपसातल्या रिवाजातून आलेली आहे. रिवाज बदलायला विधिमंडळात कायदा करावा लागत नाही. अशोका हॉलमध्ये भरलेली तुमची एक सर्वसाधारण सभा पुरेशी आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

माझी ओळख एवढीच, की मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे, वारज्याला राहते आणि मुळशी तालुक्यातल्या वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात वादी आहे. प्रतिवादी माझे सख्खे भाऊ. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायदा बदलला आणि २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा प्रश्नच नाही, असं स्वच्छ सांगितलं. तेव्हापासून माझ्यासारख्या लेकी-बहिणी तुमच्या न्यायालयात बऱ्याच दिसतात. आम्हाला कोर्टाची सवय नसते. घरातले पुरुष समोरच्या बाजूला असतात. त्यामुळे वकील म्हणजे आमच्यासाठी नुसता वकील नसतो, आमच्या बाजूने बोलणारा तो एकच माणूस असतो. तो माणूस बदलायचा म्हटलं की काय होतं, हे सांगते.

माझी साक्ष झाली. भावाने सरतपासाचं, म्हणजे स्वतःच्या साक्षीचं, शपथपत्र दिलं आणि त्याचा उलटतपास आमच्या वकिलांनी घ्यायचा होता. तारखेला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या तारखेला ज्युनिअर आला आणि मुदत मागून गेला. मग एका संध्याकाळी मी ई-कोर्ट्सच्या अॅपवर दाव्याचा नंबर टाकला, तर त्यात ‘नो क्रॉस’चा आदेश झालेला. म्हणजे माझ्या भावाने शपथेवर जे काही लिहून दिलं होतं, त्याला एकही प्रश्न न विचारता ते पुराव्यात जाणार होतं. वकिलांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, मुंबईला हायकोर्टात होतो, काळजी करू नका, अर्ज टाकू. अर्ज पडला नाही. मी वकील बदलायचं ठरवलं, फाइल मागितली, आणि तेव्हा पहिल्यांदा ‘बाकी’ हा विषय निघाला. तोवर मी वेळोवेळी रोख पैसे दिले होते. पावती मागितली की ‘आपल्यात कसली पावती, ताई’ असं हसून उत्तर यायचं. आता आकडा सांगितला गेला, तोही तोंडी. तो भरा, मग एनओसी, मग फाइल.

वकिलांचं नाव मी सांगणार नाही. त्यांच्याविरुद्ध जे करायचं ते योग्य ठिकाणी करीन. त्यांनी जे केलं ते करण्याची सोय कुणी ठेवली आहे, हा माझा विषय आहे.

मास्तरीण असल्यामुळे मूळ मजकूर वाचायची खोड आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे वकीलपत्र संपतं ते न्यायालयाच्या परवानगीने, पक्षकाराने किंवा वकिलाने सही करून तसं लिहून दिल्यावर. नाहीतर दोघांपैकी एक वारल्यावर. नाहीतर दावाच संपल्यावर. यात ‘पक्षकाराने किंवा वकिलाने’ आहे, ‘दोघांनी’ नाही. मी सही करून न्यायालयाला लिहून दिलं आणि न्यायालयाने परवानगी दिली की संपलं.

मग एनओसी आली कुठून? ती बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतल्या नियम ३९ मधून आली. एका वकिलाचं वकीलपत्र दाखल असताना दुसऱ्याने त्याच्या संमतीशिवाय हजर होऊ नये, असं तो नियम म्हणतो. तुमच्यापैकी बहुतेकांना एवढं तोंडपाठ आहे. पण नियम तिथे संपत नाही. संमती मिळाली नसेल तर ती का मिळाली नाही याची कारणं देऊन नव्या वकिलाने न्यायालयाकडे अर्ज करावा आणि परवानगी घेऊन हजर व्हावं, असं त्याच नियमात पुढे लिहिलं आहे. संमती हा सभ्यतेचा भाग आहे, आणि ती मिळाली नाही तर काय करायचं हेही नियम करणाऱ्यांनीच सांगून ठेवलं आहे. मी ज्यांच्या ज्यांच्याकडे गेले त्या वकिलांनी मला नियमाचा पहिला अर्धा भाग सांगितला. दुसरा अर्धा कुणीही सांगितला नाही.

का सांगितला नाही, तेही मला कळलं. एक म्हणाले, ‘ते मला सिनिअर आहेत, बार रूममध्ये रोज समोर येतात.’ दुसऱ्यांनी वकिलीची सुरुवातच त्यांच्या ऑफिसात केली होती. तिसऱ्या बाई मोकळेपणाने बोलल्या : ‘आज मी त्यांच्या एनओसीशिवाय उभी राहिले तर उद्या माझा पक्षकार दुसरा कुणी तसाच उचलेल.’ मला त्यांचं म्हणणं प्रामाणिक वाटलं. एकमेकांचा मान ठेवण्याला माझी हरकत नाही. पण हा मान माझ्या दाव्याच्या तारखा खर्चून ठेवला जात होता, आणि त्या तारखांचे पैसे मीच देत होते.

फाइलबद्दल तर वाद उरलेलाच नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. भोपाळच्या एका सहकारी बँकेने आपला वकील बदलला. वकिलांनी बिल पाठवलं आणि ते मिळेपर्यंत फाइली देणार नाही म्हणाले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, १८ महिन्यांसाठी निलंबित केली. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे शिक्षा कमी होऊन समज देण्यावर आली, पण कायदा पक्का झाला : फी राहिली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, आणि कागद न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. फी वसूल करायची असेल तर इतर कुणीही येणं वसूल करतो तसे कायदेशीर मार्ग वकिलालाही खुले आहेत. हा निकाल येऊन पंचवीस वर्षं झाली. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगाही तो सांगू शकेल.

यावर मला एका वकिलांनी विचारलं, ‘अहो, कोर्टात दाखल झालेल्या सगळ्याची नक्कल मिळते की, फाइल हवी कशाला?’ त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि जो पक्षकार आज अडकला आहे त्याने ते लक्षात ठेवावं. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), निशाणी ५ चा म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज आणि त्यावरचा आदेश, शपथपत्रं, रोजनामा या सगळ्यांच्या नकला नक्कल विभागातून रीतसर अर्ज करून मिळतात, आणि परवानगी घेऊन नव्या वकिलांना मूळ रेकॉर्डही पाहता येतं. सातबारा, फेरफार, जुने दस्त संबंधित कार्यालयांतून पुन्हा काढता येतात. पण जे कोर्टात दाखलच झालेलं नाही त्याचं काय? माझ्या फाइलीत वडिलांनी भावाला पाठवलेली दोन आंतर्देशीय पत्रं आहेत. त्यात त्यांनी जमिनीबद्दल आणि माझ्याबद्दल स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. ती आम्ही मुद्दामच आधी दाखल केली नव्हती. प्रतिवादीच्या साक्षीदाराच्या उलटतपासात दाखवायचे कागद आधी दाखल करण्याची सक्ती नाही, आदेश ७, नियम १४ मध्येच तशी सूट आहे, आणि हे मला समजावून सांगणारे तेच वकील होते. चांगला सल्ला होता. आता त्या पत्रांची नक्कल मी कुठल्या विभागातून काढू?

इथे तुमची बाजूही मांडायला हवी, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. पैसे बुडवायला वकील बदलणारे पक्षकार आहेत आणि ते कमी नाहीत. दावा तयार करून घ्यायचा, निशाणी ५ वर मनाई मिळवायची आणि मुख्य काम झालं की बाकी चुकवायला दुसऱ्याचं दार ठोठवायचं. निकाल विरुद्ध गेला की ‘वकील समोरच्याला मिळाला’ असं म्हणत पारावर बसणारेही मी पाहिले आहेत. जो वकील तोंडावर सांगतो की तुमची केस कमजोर आहे, मिटवा, त्याला सोडून ‘शंभर टक्के जिंकू’ म्हणणाऱ्याकडे लोक जातात. वकिलाने महिनोन्महिने केलेल्या वाचनाचा, मसुद्यांचा, कोर्टात ताटकळत घालवलेल्या दुपारींचा हिशेब या लोकांच्या लेखी शून्य असतो. तरुण वकिलांचं तर विचारायलाच नको. त्यामुळे फीची हमी हवी, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. ती हमी माझ्या बापाच्या पत्रांतून काढू नका, एवढंच.

आणि ती काढायची वेळ का येते? कारण फी ठरतेच मुळी हवेत. दाव्याची एकूण फी किती, तारखेची वेगळी का, टायपिंग-स्टॅम्प-नकला कुणाकडे, मध्येच सोडलं तर किती परत, हे काही कुठे लिहिलेलं नसतं. बार कौन्सिलचा नियम १२ सांगतो की पुरेशा कारणाशिवाय आणि पक्षकाराला आधी रीतसर कळवल्याशिवाय वकिलाने काम सोडू नये, आणि सोडलं तर न केलेल्या कामाची फी परत करावी. पण एकूण फीच ठरलेली नसेल तर ‘न केलेल्या कामाची’ फी काढायची कशी? जमिनीच्या दाव्यांत तर ‘आत्ता थोडे द्या, निकाल लागल्यावर दोन गुंठे’ असलं बोलणंही कानावर येतं. निकालाच्या फळात वाटा मागायला नियम २० ने सरळ बंदी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पावती देणाऱ्या, फी लिहून देणाऱ्या वकिलाला एनओसीची गरज पडत नाही. त्याच्या हातात फी येणं असल्याचा पुरावा असतो. माझ्या आताच्या वकील बाई पहिल्या भेटीतच एका पानावर सगळं लिहून, दोघींच्या सह्या घेऊन मोकळ्या झाल्या. त्याला वेळ लागला तो चहा संपेपर्यंतचा.

आता थोडं कडू बोलते. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुमच्या बाजूने एक मोठा निकाल दिला. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, म्हणजे सेवेत कसूर झाली म्हणून पक्षकार वकिलाला ग्राहक आयोगात खेचू शकत नाही. देशभरातल्या वकील संघटनांनी त्याचं स्वागत केलं. निकालाची कारणं मी वाचली. त्यांतलं एक मुख्य कारण असं, की वकील पक्षकाराच्या सूचनेबाहेर जाऊ शकत नाही, त्याच्या कामावर पक्षकाराचं मोठं नियंत्रण असतं, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार आहे. ठीक. म्हणजे दिल्लीत तुम्ही सांगणार की आमच्यावर पक्षकाराचं नियंत्रण असतं, आणि शिवाजीनगरात तोच पक्षकार स्वतःची फाइल मागायला आला की त्याला जिन्यात उभं ठेवणार. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. नियंत्रण माझं असेल तर करार संपवण्याचा अधिकारही माझा आहे आणि त्यासाठी ज्याला काढायचं त्याचीच परवानगी लागत नाही.

ग्राहक आयोगाचं दार बंद झाल्यावर उरलं काय? अधिवक्ता अधिनियम, १९६१ चं कलम ३५. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करायची. ती शिस्तपालन समितीपुढे जाते आणि समिती समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत काहीही करू शकते. कलम ३६ब प्रमाणे एक वर्षात निकाल व्हावा लागतो, नाही झाला तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. मार्ग आहे, वाईट नाही. पण ज्या बाईचा दावा चालू आहे, जिच्यावर ‘नो क्रॉस’ झाला आहे, तिला पुढच्या तारखेच्या आत काय करायचं याची चिंता असते. तिने त्याच वेळी मुंबईला कौन्सिलपुढे दुसरी केस चालवायची? आणि ती चालवायला वकील कोण देणार? म्हणून तक्रारी होत नाहीत. तक्रारी नाहीत म्हणजे प्रश्न नाही, असं कृपा करून समजू नका.

या सगळ्यात वेळ का महत्त्वाचा, हे बाहेरच्या वाचकांसाठीही सांगते. वकील बदलला म्हणून दावा मागे जात नाही. फौजदारीत तर हे सर्वोच्च न्यायालयाने फार स्पष्ट केलं आहे. दिल्लीच्या उबर टॅक्सीतल्या बलात्काराच्या खटल्यात आरोपीने वकील बदलला आणि आधीच्या वकिलाने उलटतपास नीट घेतला नाही, साक्षीदार परत बोलवा, अशी मागणी केली. उच्च न्यायालयाने ती मान्य केली. सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. केवळ वकील बदलला एवढ्यावर साक्षीदार परत येत नाहीत. त्या पीडितेच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. दिवाणीतही आदेश १७ प्रमाणे सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत. वकील दुसऱ्या कोर्टात अडकला आहे, हे मुदतीचं कारणच होत नाही. वकील आजारी असला तरी न्यायालय विचारतं की मग वेळेत दुसरा वकील का केला नाही? आता सांगा, वेळेत दुसरा वकील कसा करणार, पहिला सोडतच नसेल तर? एनओसीसाठी गेलेल्या प्रत्येक तारखेला समोरची बाजू पुढे सरकत असते.

अजून एक प्रकार आहे, ज्याची माहिती पक्षकारांना नसते आणि तुम्हाला पूर्ण असते. ‘नो इन्स्ट्रक्शन’ची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन. पक्षकाराकडून सूचना नाहीत असं लिहून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. पक्षकार बिचारा घरी, वकील बघताहेत या भरवशावर. इकडे एकतर्फी हुकूमनामा. मलकियत सिंग विरुद्ध जोगिंदर सिंग या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वकिलाने अशी पुरसीस दिली तर एकतर्फी पुढे जाण्याआधी न्यायालयाने पक्षकाराला नोटीस काढायला हवी. तरी पुरसीस देण्याआधी एक फोन, एक पत्र, किमान एक मेसेज केला तर नोटिशीपर्यंत जायची वेळच येणार नाही. नियम १२ तेच म्हणतो.

माझं पुढे काय झालं? एका तारखेला कुणीच वकील नव्हते, तर मी स्वतः उभी राहिले. पक्षकाराला स्वतः हजर राहायचा हक्क आदेश ३, नियम १ देतो. हात थरथरत होते, हे खरं. न्यायाधीशांना सांगितलं, मी वकील बदलते आहे, आधीचे फाइल देत नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून एक तारीख दिली. नव्या वकील बाईंनी माझ्या सहीचा वकीलपत्र रद्द करण्याचा अर्ज, आधीच्या वकिलांना पाठवलेल्या नोटिशीची प्रत, ती पोचल्याचा पुरावा आणि नियम ३९ खालचा परवानगीचा अर्ज असं एकत्र दिलं. त्याच दिवशी परवानगी झाली. जे अशक्य म्हणून सगळे सांगत होते, ते एका पानाच्या अर्जावर झालं. ‘नो क्रॉस’ही रद्द झाला, पण कॉस्ट भरून. म्हणजे माझा वकील आला नाही म्हणून मी माझ्या भावाला पैसे मोजले. ती पावती मात्र लगेच मिळाली.

मला हे जमलं कारण पेन्शन आहे, वाचता येतं आणि कोर्ट मेट्रोने गाठता येतं. पौडच्या पुढून येणाऱ्या, सकाळची एसटी चुकली तर तारीख चुकणाऱ्या बाईचं काय? स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो आणि त्याचं काम पटलं नाही तर प्राधिकरणाकडेच अर्ज करून दुसरा मागता येतो, हे तरी तिला कोण सांगतं? येरवड्यात असलेल्या कच्च्या कैद्याला राज्यघटनेच्या कलम २२ ने आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे. त्याला तर आधीच्या साहेबांच्या ऑफिसात चकरा मारायचीही सोय नाही.

तुमच्याच एका जुन्या मागणीची आठवण देते. पुण्याला उच्च न्यायालयाचं खंडपीठ हवं, म्हणून तुम्ही कित्येक वर्षं आंदोलनं केलीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडे गेले आणि पुण्याचा पक्षकार अजून मुंबईलाच जातो. पुण्याला खंडपीठ मिळावं असं मलाही वाटतं. पण त्या मागणीच्या निवेदनात ‘पक्षकारांची गैरसोय’ हे शब्द पहिले येतात. ती गैरसोय दूर करायला दिल्ली-मुंबईची मंजुरी लागते. मी सांगते आहे ती दूर करायला तुमच्या स्वतःच्या सभेची पुरते, म्हणून अपेक्षा जास्त आहे.

करावं काय, तर फार काही नाही. पक्षकाराने लेखी मागणी केली की सात दिवसांत फाइल परत, कागदांची यादी करून आणि दोघांच्या सह्या घेऊन, असा ठराव करा. वकिलाला स्वतःसाठी झेरॉक्स ठेवायची असेल तर ठेवू द्या. फीचा वाद असेल तर तो वेगळा. त्यासाठी बारच्या दोन-तीन निवृत्तीला आलेल्या, कुणाची भीड न ठेवणाऱ्या ज्येष्ठ वकिलांची समिती नेमा. आठवड्यातून एक दुपार बसा, दोघांचं ऐका, आकडा सुचवा. मान्य झाला तर ठीक, नाहीतर वकिलाने वसुलीचा दावा करावा आणि पक्षकाराने तक्रार करावी. फाइल त्यात अडकता कामा नये. फीचं एक पानी मराठी पत्रक छापा, रिकाम्या जागा ठेवून. जो वापरेल तो वापरेल. पहिल्याच वर्षी ज्युनिअर मंडळी सर्वात जास्त वापरतील, बघा, कारण फी बुडते ती त्यांची.

आणि एक पाटी लावा. सदाशिव पेठेत बेल किती वेळा वाजवायची याच्या पाट्या असतात. चार नंबर गेटच्या आत नियम ३९ पूर्ण लिहिलेली एक पाटी असायला हरकत नसावी. पूर्ण म्हणजे दुसऱ्या अर्ध्या भागासकट.

आधीच्या वकिलांची एनओसी मिळाली नाही म्हणून मला परत पाठवणाऱ्या वकिलांवर माझा राग नाही. त्यांतल्या दोघांनी नंतर फोन करून परवानगी मिळाली का, असं आपणहून विचारलं. म्हणजे हे चूक आहे हे तुम्हालाही कळतंय. एकेकट्याने रिवाज मोडायला कुणी धजत नाही. सभेत ठराव झाला की कुणाला एकटं पडावं लागणार नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि घेणार की नाही ते लेखी कळवावं, ही विनंती. सभेत पक्षकारांचं म्हणणं ऐकायचं ठरलं तर मी येईन. माझ्यासारख्या आणखी काही जणी यायला तयार आहेत. पत्राची एक प्रत महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला आणि एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पाठवत आहे.

कळावे.

आपली,
एक वादी,
वारजे, पुणे

ता. क. : माझे आधीचे वकील हे पत्र वाचतील, अशी खात्री आहे. वकीलसाहेब, फीचं जे व्हायचं ते समितीपुढे किंवा कोर्टात होईल. ती दोन आंतर्देशीय पत्रं तेवढी पुढच्या तारखेच्या आत नव्या वकील बाईंच्या ऑफिसात पाठवा. पोच त्या देतील.